घराण्याचा परिच्छेद

पलूसच्या तहसील कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. कचेरीचे दार पावणेदहाला उघडते आणि मी नऊलाच येऊन बसतो. कोरे कागद, कार्बन, शाईची गादी, दोन पेने आणि टाचण्यांची डबी ओळीने मांडून झाली की अर्धा तास मला काही काम नसते. थंडीच्या दिवसांत द्राक्षबागांवरचे धुके त्या वेळी आवारात उतरलेले असते आणि समोरचा झेंड्याचा खांब वरून निम्मा नाहीसा झालेला असतो. त्या अर्ध्या तासात माझे जुने अर्जदार मला दिसतात. मी जागा असतो, चहाही झालेला असतो, तरी ते दिसतात. कोणी गुडघा धरून येतो, कोणी छातीवर हात ठेवून येतो, आणि टेबलापाशी न थांबता धुक्यात पुढे निघून जातो. त्यांपैकी बहुतेकांनी पलटणीत नोकरी केलेली असते.

माझे शालेय शिक्षण नववीत संपले. याचा उल्लेख अशासाठी की, वकिलीची पदवी घेतलेल्या दोन गृहस्थांनी माझ्या अर्जांच्या प्रती समोर ठेवून आपले अर्ज बेतल्याचे मला ठाऊक आहे. मी त्यांना कधी विचारले नाही; पण वाक्याची ठेवण लपत नाही. इंग्रजी मजकूरही मी स्वतःच करतो. कार्यालयीन इंग्रजी ही फार लहान भाषा आहे. तिच्यात शंभर-सव्वाशे वाक्ये आहेत आणि ती मला पाठ आहेत. पलूसपासून उंब्रजपर्यंत लोक मला रायटरसाहेब म्हणतात. वारसनोंदी, वहिवाटीच्या रस्त्याचे वाद, शिधापत्रिकेतली चुकलेली नावे हे सगळे मी लिहीत आलो आहे. परंतु माझे नाव झाले ते माजी सैनिकांच्या अपंगत्वाच्या अर्जांमुळे.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपे वाटते. जवान धडधाकट भरती झाला आणि दुखणे घेऊन परतला, मग अडचण कसली? अडचण अशी की, दुखणे असणे निराळे आणि ते नोकरीमुळे झाले असे दाखवणे निराळे. निवृत्तीच्या वेळी डॉक्टरांचे मंडळ बसते. अपंगत्व किती टक्के, हे ते एका रकान्यात लिहिते. आणि ते सेवेमुळे उद्भवले, सेवेमुळे बळावले, की दोन्ही नाही, हे शेजारच्या रकान्यात लिहिते. त्या दुसऱ्या रकान्यात ‘दोन्ही नाही’ असे पडले की माणूस माझ्याकडे येतो. दुखणे आणि नोकरी यांच्या मधल्या जागेला मी सांधा म्हणतो. भरतीच्या वेळचा तपासणीचा कागद काय सांगतो, माणूस कुठे कुठे होता, दुखण्याची पहिली नोंद कोणत्या लष्करी दवाखान्यात झाली, हे सगळे एकापुढे एक ठेवत गेले की सांधा हळूहळू दिसू लागतो. भरतीच्या कागदावर जे दुखणे नव्हते ते नोकरीतच लागले असे धरावे, हा संकेत जवानाच्या बाजूचा आहे. मात्र तो आपण होऊन कोणी लावत नाही. मागावा लागतो, आणि मागण्याची एक भाषा असते.

या कामात नाना प्रकारची माणसे भेटली. उंब्रजची एक बाई नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली होती. नवरा झाडाच्या बुंध्याशी उभा आणि ही खुर्चीवर. नवऱ्याचा संताप हा आजार म्हणून लिहा, असे तिचे म्हणणे. लग्नात हा माणूस गरीब होता, पलटणीतून आल्यापासून म्हशीलासुद्धा कवायत शिकवतो, हा सांधा पुरेसा नाही काय, असे तिने मला विचारले. मी नियम समजावून सांगितला. त्यावर नवरा पहिल्यांदा बोलला, “बगा की सायेब, बसत असंल कुठं तर.” ते प्रकरण बसले नाही, पण दरवर्षी ती बाई मला हरभऱ्याचा डहाळा आणून देते. दुसरा एक जवान असा होता की, त्याचे खरे बोलणेच त्याला नडले. बर्फात पाय गेला होता, परंतु डॉक्टरांनी पाय पूर्वी कधी दुखला होता का असे विचारताच त्याने लहानपणी चिंचेवरून पडल्याचे सांगून टाकले. ते चिंचेचे झाड त्याच्या फायलीत उगवले आणि पुढे कोणालाही तोडता आले नाही. तो आता नाही. धुक्यातून जाणाऱ्यांत तो सगळ्यांत पुढे असतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगतो.

माझ्या प्रत्येक अर्जाचा पहिला परिच्छेद घराण्याचा असे. आमच्या भागात घरटी एक माणूस सैन्यात असतो. काही घरांत आजा, बाप आणि मुलगा असे तिघे. तेव्हा अर्जदार कोण हे सांगण्याआधी तो कोणाचा कोण हे सांगणे मला रीतीचे वाटे. आजोबा कोणत्या लढाईत होते, वडिलांनी काय सोसले, हे भरदार शब्दांत मांडल्यावर मगच मी अर्जदाराच्या दुखण्याकडे वळे. साहेब वाचताना खुर्चीत सरळ बसेल, अशी माझी कल्पना होती. अर्जदारांनाही तो परिच्छेद फार आवडे. काही जण त्याची वेगळी प्रत मागून घरात लावत.

कृष्णाकाठच्या एका गावचे हवालदार दिनकरराव माझ्याकडे आले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. तोफखान्यात त्यांची हयात गेली होती. उजवा कान पूर्ण बंद होता आणि डाव्यात सतत आवाज होता. कसला आवाज, असे मी कागदावर लिहून विचारले, कारण त्यांच्याशी बोलायचे म्हणजे चिठ्ठी लिहूनच. ते डोळे मिटून थोडा वेळ बसले. मग म्हणाले, “उसाच्या फडात वारं शिरल्यागत. लय लांबचा फड. सरतच न्हाई.” बहिरी माणसे बोलतात तसे ते मोठ्याने बोलले आणि आवारातली चार माणसे वळून पाहू लागली. मी मात्र तो फड पाहत होतो. माझ्या टेबलापासून सुरू होऊन तो थेट क्षितिजाला टेकला होता.

प्रकरण चांगले होते. भरतीच्या कागदावर दोन्ही कान उत्तम. पुढे एका सरावानंतर कान दुखल्याची, कापूस घालून दोन दिवस हलके काम दिल्याची नोंद. त्यानंतर काही नाही, कारण कान गेल्याचे सांगितले की बढती अडते, म्हणून तोफेवरची माणसे सांगत नाहीत. तेवढी फट मी व्यवस्थित बुजवली. आणि सवयीप्रमाणे पहिला परिच्छेद लिहिला. दिनकररावांचे वडील, आप्पा, हेही तोफखान्यात नाईक होते. युद्धावरून परतल्यापासून मरेपर्यंत त्यांना ऐकू आले नाही, हे त्यांच्या गावात लहान मूलही सांगेल. झेंडावंदनाला त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत असे. ते गेल्यावर शाळेत फलक लागला. त्यावरची ‘रणभूमीवर आपली श्रवणशक्ती अर्पण करणारे’ ही ओळ मीच रचून दिली होती. तीच ओळ अर्जात अधिक विस्ताराने घातली. दोन पिढ्यांनी देशाला कान दिले, असे लिहिले. दिनकररावांनी ते वाचले आणि खिशातून रुमाल काढला.

उत्तर आले ते पाच ओळींचे. अर्जदाराच्या स्वतःच्या कथनानुसार वडिलांना बहिरेपण होते. सबब विकार आनुवंशिक आहे. सेवेशी संबंध नाही.

ते पत्र माझ्या हातात होते. आवारातले आवाज एकेक करून बंद होत गेले, असे मला आठवते. वारसनोंदीवाले, चहावाला, शिक्के मारणारा शिपाई, सगळ्यांचे ओठ हलत होते. दिनकरराव समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत होते. डॉक्टरांनी जो सांधा तोडला नव्हता, तो माझ्या सर्वांत सुंदर परिच्छेदाने तोडला होता. मी चिठ्ठीवर लिहिले, “चूक माझी आहे.” माझ्या हयातीत मी हे वाक्य लिहून देण्याचा तो पहिला प्रसंग. त्यांनी वाचले आणि म्हणाले, “आवं, खरं तेच ल्हिवलं की तुमी.”

एक अपील उरले होते आणि त्याला मुदत होती. आप्पांचे बहिरेपण त्यांच्या नोकरीतले होते असे दाखवता आले असते, तर वंशपरंपरेचा मुद्दा पडला असता. म्हणून मी आप्पांचे निवृत्तीचे पुस्तक मागवले. ट्रंकेतून ते निघाले. त्यात शेवटच्या तपासणीत कानांपुढे ‘उत्तम’ असे होते. आप्पांनी कधी अपंगत्व मागितलेही नव्हते, एक पैही घेतली नव्हती. म्हणजे कान नोकरीत गेले, असे पुस्तक म्हणत नव्हते. पुस्तकात एक पोस्टकार्ड होते, मेढ्याजवळच्या एका वाडीतून आलेले. ते आप्पांचे तोफेवरचे सोबती बाजीराव नाना यांचे आहे आणि नाना अजून हयात आहेत, असे दिनकररावांनी सांगितले.

मेढ्याला आम्ही यष्टीने गेलो. पावसाळा नुकताच सरला होता. भाताच्या खाचरांवर ऊन आणि ढग असे काही मिसळले होते की, गाडी चढावर चालली आहे की पाण्यातून तरंगत आहे, हे कळत नव्हते. नाना ओट्यावर बसले होते. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज खणखणीत. मी कामाचे स्वरूप सांगितले. आप्पांचे कान कोणत्या दिवशी, कोणत्या माऱ्यात गेले, एवढे सांगा, म्हणजे प्रतिज्ञापत्र करतो, असे म्हणालो.

नानांनी एकदा दिनकररावांकडे पाहिले. मग मला म्हणाले, “भैरा न्हवता त्यो.”

त्यांनी सांगितले ते असे. आप्पा तोफेपाशी टेलिफोनवर बसत. पुढे टेकडीवर त्यांच्याच शेजारच्या गावचा एक पोरगा होता. गोळा कुठे पडला ते तो तिकडून कळवी आणि आप्पा इकडे सांगत. काम नसले की दोघे तारेवरून गावाकडच्या गोष्टी करत. ऊस किती वाढला, कोणाची बैलजोडी कोणी घेतली. एके दिवशी दुपारी तो पोरगा बोलता बोलता थांबला. तार तुटली नव्हती. आप्पा कानाला यंत्र लावून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. पलीकडून नुसता वारा ऐकू येत होता. यंत्र त्यांच्या हातातून काढून घ्यायला दोघे लागले. त्यानंतर आप्पा माणसांना उत्तर देईनासे झाले. नोकरीचे थोडे दिवस उरले होते ते सोबत्यांनी सांभाळून नेले. घरी आल्यावर लोकांनीच ठरवले की, तोफेने कान नेले.

“त्याला दुसरं काय ऐकायचंच न्हवतं, गड्या,” नाना म्हणाले. “मी कवा आलो तर माझ्याशी बोलायचा. मळ्यात. हळू.”

दिनकरराव आमच्या दोघांच्या ओठांकडे आलटून पालटून पाहत होते. त्यांना काही उमगले नव्हते. चिठ्ठी मलाच लिहायची होती. मी तीन वेळा पेन टेकवले. शेवटी एवढेच लिहिले, “आप्पांना ऐकू येत होते.”

परतीच्या वाटेवर उंब्रजला गाडी बदलताना मी दिनकररावांना लिहून दाखवले की, हे आपल्या फायद्याचे आहे; वडील बहिरे नव्हतेच, तर वंशपरंपरा राहतच नाही; नानांचे प्रतिज्ञापत्र, ते पुस्तक आणि घरातल्या कोणाचा जबाब, एवढे पुरे. त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. “बापाला लबाड ठरवून मला काय बी नको,” ते म्हणाले. फलाटावरच्या सगळ्यांनी ऐकले.

पुढचे दिवस मुदतीकडे सरकत होते आणि दिनकरराव येत नव्हते. मी दोनदा निरोप धाडला. फलकावरची माझी ओळ मला आता सकाळच्या धुक्यात खांबावर लिहिलेली दिसे. त्या ओळीखाली झेंडावंदनाला हारही चढत होता. ती खोटी म्हणावी, तर तिच्यात एका माणसाचा सगळा जन्म गेला होता. मग एका सोमवारी दिनकररावांच्या आई, ताराक्का, एकट्याच आल्या. पंचाहत्तरीच्या बाई, हातात कापडी पिशवी. खुर्चीवर न बसता त्या टेबलाच्या कडेला हात ठेवून उभ्या राहिल्या. मुलाने घरी काही सांगितले नव्हते, पण तो आप्पांच्या फोटोसमोर बसून राहतो हे त्यांनी पाहिले होते. मग नानांच्या नातवाच्या फोनवर त्यांनी नानांकडून सगळे काढून घेतले होते.

“ल्हिवा,” त्या म्हणाल्या. “ह्यांना ऐकू येत हुतं. मला पैल्या म्हैन्यातच कळलं.”

कसे कळले, हे जबाबात यायला हवे, असे मी म्हणालो. त्या सांगू लागल्या. चुलीवर दूध उतू जायला लागले की, पाठमोरे बसलेले आप्पा हात मागे करून भांडे खाली घेत. पावसाचा आवाज छपरावर आला की वैरण आत ओढायला निघत, आभाळाकडे न पाहता. इतकी वर्षे कोणाला का बोलला नाहीत, असे मी विचारले. ते जबाबाला लागत नव्हते. मी आपले विचारले.

“त्यांना गप ऱ्हायाचं हुतं,” ताराक्का म्हणाल्या. “गप ऱ्हायाला माणसाला कायतरी कारण लागतंच की. गावानं दिलं. मी कशाला काढून घेऊ?”

आणि आता, असे मी म्हणालो नाही, पण त्यांनी ओळखले. “आता त्यांचं काम झालं. ह्या पोराचं खरंच ऱ्हायलंय.”

त्यांचा जबाब मी त्यांच्याच शब्दांत घेतला. त्यांनी अंगठा नाकारला आणि सही केली. चार अक्षरांना बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी दिनकरराव आले, आईचा जबाब वाचला, पुन्हा वाचला. कचेरीची जेवणाची वेळ होऊन गेली तरी ते बसून होते. मी त्यांच्यापुढे काही सरकवले नाही. शेवटी त्यांनी स्वतःच माझे पेन उचलले आणि अपिलावर सही केली. त्या अपिलाला पहिला परिच्छेद नव्हता. अर्जदाराचे नाव, क्रमांक, आणि कान. त्या दिवसापासून मी घराण्याचा परिच्छेद कोणालाच लिहून दिलेला नाही. काही लोक नाराज होतात. त्यांना मी वेगळ्या कागदावर लिहून देतो आणि अर्जाला जोडू नका असे बजावतो.

निकालाला वेळ लागला. द्राक्षांची एक छाटणी होऊन दुसरी आली. मग दिनकरराव आणि ताराक्का एकत्र आले. पत्रात अपंगत्व सेवेमुळे उद्भवले असे स्पष्ट होते. ते वाक्य मी मोठ्याने वाचले, आवारातल्या लोकांसाठी. आणि मग दिनकररावांसाठी लाल शाईने अधोरेखित केले. कोणीतरी चहा सांगितला. मला वाटले, इथे हे प्रकरण संपले. मी फाईल बांधायला घेतली.

दिनकररावांनी चहा घेतला नाही. ते पत्र घडी घालून बाजूला ठेवून म्हणाले, “रायटरसाहेब, एक इचारू का? मी बारका असताना बांधावरनं आप्पांना हाका मारायचो. साळंतनं आलो की. एकदा सुदिक त्यांनी वळून बघितलं न्हाई. भैरं हायती म्हणून मी बी मनाला लावून घेतलं न्हाई. पर हाका मारायची सवय गेली न्हाई बगा, पलटणीत जाईपतोर मारत हुतो.” त्यांनी पत्राची घडी बोटाने दाबली. “मग ते ऐकत हुते म्हणायचं?”

शंभर-सव्वाशे वाक्यांत याचे उत्तर नव्हते. मी ताराक्कांकडे पाहिले. त्यांनी पदराने ओठ पुसले, मुलाकडे पाहून काही बोलल्या, मग त्याला ऐकू येत नाही हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्या माझ्याकडे वळल्या.

“सांगा त्याला,” त्या म्हणाल्या. “रोज ऐकत हुते. तुझी हाक आली की भाकरी मोडायचा हात थांबायचा. तू गप झालास की मग पुढचा घास.”

मी कागद ओढला. माझ्या हातून एरवी असा मजकूर साधा राहत नाही. पण त्या दिवशी त्या जशा बोलल्या तसेच, त्याच क्रमाने लिहिले. दिनकररावांनी कागद घेतला. वाचून त्यांनी तो चौपदरी घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. पत्राच्या झेरॉक्स काढायला मी हात पुढे केला होता. त्यांनी मला निकालाचे पत्र दिले आणि खिशावर हात ठेवून, अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ह्यो फायलीला लावायचा न्हाई.”